केबिनमधली सनई

…आणि वर मलाच विचारतात, तू बटण का नाही दाबलंस! अहो, बटण माझ्या अंगठ्याखालीच होतं. तुम्हाला सांगते, मी घरात फारशी बोलत नाही, त्यामुळे कुठलंही खापर फोडायला माझं डोकं सगळ्यांना सोयीचं पडतं. पण आता एकदा सांगूनच टाकते, मग तुम्हीच ठरवा, कारण माझ्याकडून बरोबर निघालं होतं.

आमच्या प्रेमराज काकांचा धुळ्यात बँड आहे. बँड म्हणजे आता एक टेम्पो, त्यावर स्पीकर, मागे जनरेटर, आणि वर सगळ्यांना दिसेल असा मधोमध रुपचंद नानांचा सिंथेसायझर. नाना आमच्या नात्यातले नाहीत, पण बँडमध्ये काकांच्याही आधीपासून आहेत, आणि त्या सिंथवर ते सनई अशी वाजवायचे, की लोक टेम्पोमागे जाऊन खरा सनईवाला कुठे बसलाय ते शोधायचे. वाजवायचे म्हणते, कारण गेल्या वर्षापासून त्यांची बोटं आखडलीत. चहाचा कप धरतात तो दोन्ही हातांनी.

आता श्रावणात आमच्या खानदेशात कानबाई देवी बसते, सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर विसर्जनाला निघते, हे तुम्हाला माहीत असेलच. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर कुंदाबाईंची कानबाई असते आणि तिच्यापुढे तीस वर्षं नानांची सनई. यंदा कुंदाबाईंच्या मुलांनी काकांना सांगून ठेवलं होतं, की नानांना झेपत नसेल तर पुढल्या वर्षीपासून आम्ही डीजे बघतो, उगाच म्हाताऱ्या माणसाचं हसं नको. काका घरी आले, जेवले नाहीत, आणि माझ्याकडे बघत बसले. माझ्याकडे का? कारण नानांच्या सगळ्या चाली मला येतात. पाचवीपासून त्यांच्याकडेच शिकले ना! फक्त मला कुणासमोर वाजवता येत नाही. शाळेच्या गॅदरिंगला एकदा बसवलं होतं, तर पहिल्या रांगेतल्या बाई माझ्या बोटांकडे बघायला लागल्या आणि माझी बोटं जी थांबली ती पडदा पडेपर्यंत थांबली.

मग मीच सांगितलं… नाही, बोलले नाही, वहीत लिहून काकांना दाखवलं. माझ्याकडे पंचवीस पट्ट्यांचा एक छोटा कीबोर्ड आहे, त्याला स्वतःचा आवाजच नाही. (तुझ्यासारखाच, असं काका म्हणतात आणि आपणच हसतात.) तो नुसता निरोप पाठवतो. कुठली पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली. याला मिडी म्हणतात. तारेतून आवाज जात नाही, सांगणं जातं, आवाज काढायचा तो पलीकडच्या यंत्राने. म्हणजे मी टेम्पोच्या केबिनमध्ये बसायचं, तार मागच्या खिडकीतून वर न्यायची, आणि नानांच्या सिंथमधून सनई वाजवायची ती मी. आणि नाना? त्यांच्यासाठी एक वेगळा निरोप असतो, एकशे बावीस नंबरचा. तो पाठवला, की सिंथच्या स्वतःच्या पट्ट्या मुक्या होतात आणि सिंथ फक्त तारेचं ऐकतो. तो निरोप मी एका बटणावर बसवला होता. एकदा दाबलं की नानांनी वर बसून काहीही दाबावं, पोळ्या लाटल्यासारखे हात फिरवावेत, कुणाला काही कळणार नाही.

नाना सगळं ऐकून नुसतं ‘बरं’ म्हणाले. मला ते ‘बरं’ तेव्हाच आवडलं नव्हतं. पण मला कोण विचारतं?

रविवारी तालीम झाली, झकास. सोमवारी सकाळी सात वाजता मी केबिनमध्ये, मांडीवर कीबोर्ड, शेजारी ड्रायव्हर नथ्थूभाऊ आणि त्यांचे शेंगदाणे. बटण दाबलं, नानांना वर पट्ट्या दाबून बघायला सांगितलं, आवाज नाही. तुम्ही लिहून घ्या, सात वाजता निरोप माझ्याकडून बरोबर निघाला होता. मला मागचं काही दिसत नव्हतं, म्हणून नथ्थूभाऊ आरशात बघून सांगणार आणि काका वरून टपावर थापा मारणार असं ठरलं होतं, एक थाप म्हणजे चाल बदल, दोन म्हणजे थांब.

मग कानबाई उचलायची वेळ झाली आणि सगळं एकदम शांत झालं. मला वाटलं, देवी निघतेय, लोक हात जोडून उभे असतील. होतेच उभे. पण तेवढंच नव्हतं! नानांचा तीस वर्षांचा रिवाज, कानबाई उंबऱ्याबाहेर आली की सिंथ बंद करायचा, त्याला हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा, आणि मग देवीच्या नावाने पुन्हा चालू करायचा. आता सिंथ बंद करून चालू केला की तो एकशे बावीस नंबर विसरतो, हे पुस्तकात छापलंय, मी वाचलंय, पण पुस्तकात नारळाचं कुठे लिहिलंय?

मी सुरू केलं, चार सूर एकटीचे गेले, बायांनी फुगडी धरली. आणि वरून दोन सनया निघाल्या! एक माझी, आणि एक… म्हणजे नाना बेफिकीर हात फिरवत होते ना, ते सगळंच वाजलं. दळणाच्या गिरणीत मांजर शिरल्यासारखं. नथ्थूभाऊ शेंगदाणे चावायचे थांबले.

“बाया फुगडी सोडी उभ्या राह्यन्यात,” ते म्हणाले. “बठ्ठा टेम्पोकडे देखी राह्यनात.”

सगळ्यांचे डोळे टेम्पोकडे, आणि वरून काकांच्या थापा, एक, दोन, पाच, सात. सातचं आमचं काही ठरलं नव्हतं.

आता ऐका, इथेच सगळे मला धरतात. माझा अंगठा बटणावर गेला होता. दाबलं की नाना मुके, माझी सनई पुढे चालू, डीजे टळला, झालं. पण तेवढ्यात नानांनी हात उचलले असावेत, कारण वरचा गोंधळ थांबला. मीही थांबले. आणि मग एक सूर आला. एकच. लांब. जरा थरथरता. माझा नव्हता तो. नानांना कळलं होतं की पट्ट्या जिवंत झाल्यात, आणि ते हळूच दार ढकलून बघावं तसं बघत होते. मग दुसरा सूर. मधे इतकी जागा, की नथ्थूभाऊंचा अजून एक शेंगदाणा त्यात बसला.

सांगा, तुम्ही दाबलं असतं?

मी अंगठा काढला. खाली षड्जाची एक पट्टी धरली, सनईवाल्याच्या मागे बसून दुसरा माणूस नुसता सूर धरतो ना, तशी, आणि कोपऱ्यापासून नदीपर्यंत तीच धरून ठेवली. नाना वर जमेल तेवढं, जमेल तसं वाजवत राहिले.

“फुगडी सुरू व्हयनी,” नथ्थूभाऊ म्हणाले. “हळू शे, पन सुरू शे.”

नदीवर काका खाली उतरले ते थेट माझ्या खिडकीशी. बटण का नाही दाबलंस? मी म्हटलं, माझ्याकडून बरोबर निघालं होतं. तेवढ्यात कुंदाबाई आल्या. आता डीजेचा निकाल लागणार म्हणून काकांनी टोपी नीट केली. कुंदाबाई वर बघून म्हणाल्या, “नाना, मधली सनई झकास, पोटमा उतरनी. पुढला सालले तुम्हीच. पन सुरवातले तठे घाई कसानी व्हती?”

सुरुवातीची घाई म्हणजे माझी. चार सूर मी एकटीने वाजवले, त्याची ही पावती.

आता झालं ना सगळं चांगलं? मग मी तक्रार कशाला करतेय? तर त्या दिवशी नाना कपाळाचं हळदकुंकू पुसत माझ्याकडे आले. मला वाटलं रागावणार. ते म्हणाले, “दिपमाला, तुळशीनं लगीन झायं की पहूरले लग्नानी सुपारी शे. तवय केबिनमा मी बठसू.”

मी विचारलं, “का?”

“वर बठं की लोके बोटंसकडे देखतस.”

घ्या! हे माझंच कारण होतं, त्यांनी फक्त आधी सांगितलं. केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी जागा एकाचीच, आणि नाना माझे गुरू, शिवाय एकसष्ट वर्षांचे. काकांनी लगेच होकार दिला, तार तीच, निरोप तेच, फक्त माणसं बदलायची, असं म्हणाले. म्हणजे पहूर गावच्या लग्नात वाजवणार नाना. मी दोन-तीनशे वऱ्हाड्यांसमोर वर बसून नुसते हात हलवायचे, आणि नानांना कमी दिसतं, त्यामुळे ते बटण हमखास चुकणार आणि माझ्या हाताखालच्या पट्ट्या जिवंतच राहणार. तेव्हापासून मी रोज संध्याकाळी आरशासमोर बसून काहीही न वाजवण्याचा सराव करते, आणि तुम्हाला म्हणून सांगते, त्यातही चुकते.