बहिणीकडून घेतलेल्या भाड्याबाबत

जबाब देणार: बेपत्ता महिलेची धाकटी बहीण, वय ४४, शिक्षण पदवीपर्यंत, काम छापखान्यात मुद्रितं तपासण्याचं, राहणार छापखान्यामागची गल्ली, दुसरा मजला.

ठाण्यात स्वतः येऊन, विचारल्यावरून सांगते की, माझी थोरली बहीण, वय ५१, पाळणाघरात मुलं सांभाळते. ती परवा संध्याकाळपासून घरी नाही. फोन बंद आहे. ती राहत होती ते घर माझ्या नावावर आहे.

माझा एक फ्लॅट भाड्याने दिलेला होता. गेल्या वर्षी तो एका दुकानदाराला देऊन बदल्यात हे दोन खोल्यांचं घर घेतलं. भाड्याने दिलेल्या घराच्या बदल्यात भाड्याने द्यायचंच घर घेतलं तर नफ्यावरचा कर लगेच भरावा लागत नाही, पुढे ढकलला जातो. मात्र ही अदलाबदल कराच्या विवरणात दाखवावी लागते. त्याच सुमारास बहीण नवऱ्यापासून वेगळी झाली. ताई, घर रिकामंच आहे, तू राहा, असं मीच तिला म्हटलं.

नंतर करसल्लागारांनी सांगितलं की, घरचं माणूस फुकट राहिलं तर ते घर भाड्याचं धरत नाहीत. कागदोपत्री भाडेकरू दाखवा, बहिणीकडून पैसे घ्या असं कोण म्हणतंय, असं ते हसत म्हणाले. मला विवरणात खोटं लिहायचं नव्हतं. कर भरून मोकळं होता आलं असतं. तेवढे पैसे बँकेत होते. तसं मी केलं नाही. मी बहिणीकडून खरोखरच भाडं घेऊ लागले. तेही बाजारभावाने, कारण कमी घेतलेलं चालत नाही.

करारावर सही करताना ती म्हणाली, "दुकान दुकान खेळायचो तेव्हाही गल्ला तुझ्याकडेच असायचा." मी हसले.

पाळणाघरातली मुलं कमी झाली, तिचा पगार निम्म्यावर आला. दोन महिने भाडं आलं नाही. मी विचारलं नाही. भाडं थकूनही मालक गप्प बसला तर तपासणीत शंका घेतात, असं करसल्लागार म्हणाले. म्हणून मी थकबाकीची लेखी मागणी तयार केली. भाषा सभ्य होती. परवा दुपारी ती दाराखालून आत सरकवली. आत रेडिओ चालू होता. मी बेल वाजवली नाही.

काल सकाळी गेले तेव्हा कुलूप होतं. किल्ली खालच्या शेजारणीने दिली; ताई परवा संध्याकाळीच ती ठेवून गेली, असं तिने सांगितलं. खोल्या झाडून काढलेल्या होत्या. थकलेलं सगळं भाडं ओट्यावर वाटीखाली ठेवलेलं होतं. ते तिने कुठून आणलं, मला माहीत नाही. पाळणाघराच्या बाईंकडे चौकशी केली. ती कुठे आहे ठाऊक नाही, असं त्या म्हणाल्या.

भांडण झालं होतं का, असं हवालदारांनी विचारलं. नाही, असं मी सांगितलं.

"मग धडधाकट माणूस असं उठून जातं होय?"

मी पाळणाघराच्या बाईंचा नंबर दिला.

हवालदारांनी माझ्यासमोर पाळणाघराच्या बाईंना फोन लावला. त्यांनी पोलिसांना सांगितलं की, ती सुखरूप आहे, आपल्या राजीखुशीने गेली आहे, कोणाविरुद्ध तक्रार नाही. फक्त पत्ता घरमालकिणीला द्यायचा नाही, असं तिने बजावलं आहे.

"घरमालकीण कोण?" हवालदारांनी मला विचारलं.

मी, असं मी सांगितलं.

हे सगळं मला मोठ्याने वाचून दाखवलं. मी सांगितलं तसंच उतरलं आहे, कमी नाही की जास्त नाही. म्हणून सही करते.