भिकूचा माडीचा गुत्ता कसा बंद पडला

थळच्या भिकूच्या गुत्त्यातली माडी! तशी पुन्हा मिळाली नाही बघा. तीस सालच्या सुमारास दारूबंदीवाल्या बायका त्याच्या दारात उभ्या राहिल्या, तरी भिकू खूश. कारण सर्वांत पुढे आमची नवी वहिनी. बाबा, काका आले की ती पदर सावरून बाजूला व्हायची आणि त्यांच्यामागून आम्ही सगळे पिणारे आत शिरायचो. सासऱ्यांची वाट अडवणार कशी?

"सूनबाई, रोज येत जा गो," भिकू म्हणायचा.

मग एक दिवस तिच्या जागी आई उभी.

"कुठं चाललाव?" तिनं बाबांना विचारलं.

"तुलाच न्यायला आलो गो."

"मंग चला घरी."

बाबा घराकडे वळले आणि त्यांच्यामागून आम्ही सगळे. उरलेली माडी भिकूनं एकट्यानंच संपवली. दुसऱ्या दिवशी आईच्या शेजारी भिकूची बायको उभी!