सातवी पेटी, चौथं पाकीट

ओहायोतल्या त्या जुन्या कागदपत्रांच्या वाचनालयाचं दार दहाला उघडायचं. ओडेसा केव्हाची बाहेरच्या बाकावर बसून होती. शेजारी एक गोरे, म्हातारे बहीणभाऊ येऊन टेकले.

"एवढ्या उकाड्यात कोट कशाला रे, लायमन?"

"आत गारठा असतो."

"खिसे बरेच खोल दिसतायत."

"कोट दाराशीच काढून ठेवायला लावतात, कॉर्नेलिया. आत नुसती पेन्सिल नेऊ देतात."

"म्हणजे आधी येऊन गेलायस."

"एकदा. आईची जन्मतारीख बघायला."

"आणि खापरपणजोबांचं पत्र?"

"कुठलं पत्र?"

"उगाच भोळेपणा नको. नदी ओलांडून पळून आलेली केझिया कुठल्या माळ्यावर लपलीय, हे तिच्या मालकाला कळवलं, ते."

"हळू बोल. चौकात त्यांच्या नावाची पाटी आहे, गुलामांचा आसरा म्हणून."

"म्हणून तर तुला जाळायला दिलं होतं."

"मी ते तुझ्याच टेबलावर परत ठेवलं. मला वाटलं, तू जाळशील."

"आणि मी ते इथे द्यायच्या बाकीच्या कागदांत ठेवलं. आपल्या घराण्यात कुणाला साधी चिठ्ठी फाडवत नाही."

"आता यादीत छापलंय. सातवी पेटी, चौथं पाकीट."

"तू यादी कशाला बघितलीस?"

"तू कशाला बघितलीस?"

दार उघडलं. आतली बाई हातातला कागद वाचू लागली.

"सातवी पेटी, चौथं पाकीट."

बहीणभाऊ दोघंही उठले.

"बसा तुम्ही. हे आधीच मागवलेलं आहे, आणि एका वेळी एकालाच मिळतं. ओडेसा केझिया गेन्स कोण?"

ओडेसाने पर्समधून पेन्सिल काढली.