चौकटीवरचं चिनी अक्षर

नाही जी इहीनबाई, करणी-बिरणी नाही ते! चौकटीवर काही काढलं म्हणजे का करणी झाली? — इहीनबाई म्हटलं तं चालते न? सोयरीक जमली नाही अजून, हो, पण पोरगी पाहून झाली, मानसं बाहीर पोहे खाऊन राह्यले, जमतेच आता. — अक्षर हाय ते, चिनी. आमची दामिनी शिकते न मोबाईलवर — कापूस वेचतानी बी कानात तेच! एक दिवस कागदावर काढून दावलं, म्हणे आई, हे 'घर'. मले वाटलं, नवं घर बांधलं, चांगला शब्द हाय — गेरूनं काढलं चौकटीवर, हळद-कुकू वाह्यलं, नारळ फोडला. मंग पोरगी हासते — आई, वरतं छप्पर, अन् खालतं डुक्कर हाय! आता पूजलेलं डुक्कर पुसावं कसं, सांगा?

अर्थ लय हायेत त्याचे. घर म्हणा, घरचे मानसं म्हणा, कोणी कामात पक्कं असन तं त्याच्या कामाच्या नावालेबी हेच जोडतात. माहेर लिवाचं तरी हे, सासर लिवाचं तरी हेच. मी म्हटलं, बराबर हाय — माहेरी परक्याचं धन, सासरी परक्याची पोर, आपल्यालेबी दोनी एकच! — हासा न. हासत नाही तुमी.

नोकरी? नाही, नोकरी कायची — हैदराबादले कंपनीत चिनी साहेब येतात मशिनी बसवाले, त्याईचं बोलणं तेलुगूत सांगाचं, बस — तेलुगू तं आमच्या सीमेवरच्या पोराईले येतेच. सोमवारी जाऊन राह्यली... म्हंजे, जाणार होती. तुमी नाही म्हणसान तं नाही जाणार, दामिनीच्या बाबानं तसंच ठरवलं — पोरीले सांगतलं नाही अजून.

काय म्हणता? चिनी बोलून भाकरी थापल्या जातात का? — नाही जात. मी थापल्या न, जल्मभर. मीबी शाळेतच होती, पाव्हणे पाहाले आले अन् झालं. आता पिठात बोटानं हे एक अक्षर गिरवते रोज. काऊन? पोरगी तिकडं गेली की मोबाईलवर तिले धाडीन म्हणून. पाहा व माय — मी तं मनानं तिले कधीचीच धाडून बसली, अन् इथं तुमाले पोहे वाढून राह्यली!

नाही, बसू नोका. तुमची बेल्लमपल्लीची बस सापडन अजून. दामिनीच्या बाबाले मी सांगते काय सांगाचं ते. चपला तिथं, तुळशीपाशी. अन् जातानी जरा वाकून जा, बाई — चौकट बुटकी हाय आमची.