रांगेतल्या पाठमोऱ्या इसमाबाबत

पुरवणी जबाब

माझे नाव व पत्ता मंगळवारच्या जबाबात आहे तोच. वय ६३ वर्षे, धंदा ओळखपत्राचे फोटो काढणे, राहणार दुकानाच्याच मागच्या दोन खोल्यांत. गल्लीत मला ‘हसूनका’ म्हणतात, कारण एकतीस वर्षे मी समोर बसलेल्या प्रत्येकाला हसू नका असे सांगत आलो आहे. आज गुरुवारी सकाळी मी आपण होऊन ठाण्यात हजर राहून सांगतो की, मंगळवारी दिलेला माझा जबाब चुकीचा होता. खोटे मी बोललो नव्हतो. हा जबाब लिहून घेणारे हवालदारसाहेब म्हणतात, कागदावर दोन्ही एकच. मला ते पटलेले नाही.

मंगळवारी दुपारी एक शिपाई माझ्या दुकानात बेपत्ता इसमाचा फोटो घेऊन आले. सदर इसम वय ७२, टपाल कार्यालयाच्या खिडकीवरून निवृत्त, स्मरणशक्ती क्षीण, सोमवारी सकाळी दहाला घरातून निघाले ते परत आले नाहीत, असे त्यांनी सांगितले. फोटो माझ्याच हातचा, अकरा वर्षांपूर्वीचा होता. मागचा पडदा व उजेड मी लगेच ओळखला. परंतु त्यानंतर या इसमास कोठेही पाहिलेले नाही, असे मी सांगितले व सही केली. वस्तुस्थिती अशी की, गेल्या पाच महिन्यांत मी त्यांना चौदा वेळा पाहिले आहे आणि चौदाही वेळा त्यांचा फोटो काढला आहे.

हे कसे झाले ते कळण्यासाठी माझ्या छंदाबद्दल सांगणे भाग आहे. हवालदारसाहेबांनी थोडक्यात आटपा असे सुचवले आहे.

दोन वर्षांपूर्वी दुकानातली गर्दी ओसरली, तेव्हा मी दुपारी कॅमेरा घेऊन रस्त्यावर जाऊ लागलो. सुरुवातीला लोकांच्या समोर उभा राहत असे. मला पाहताच माणसे आपोआप ताठ होत, श्वास रोखून धरत. तीन महिन्यांचे फोटो मी पत्नीला दाखवले. तिने सगळे पाहिले आणि म्हणाली, “रस्त्यावरची माणसंही तुम्ही ओळखपत्रासारखीच काढलीत. सगळी पकडून आणल्यासारखी दिसतात.” मी दोन दिवस तिच्याशी धड बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मान्य केले.

त्यानंतर एका हमालाच्या मागे चालताना त्याच्या शर्टाला खांद्यावर घातलेले रफू दिसले. दोरा वेगळ्या रंगाचा होता, पण टाके इतके बारीक की घालणाऱ्याचा जीव त्यात असावा. एकतीस वर्षे मी माणसांची तोंडे पाहिली, त्यांत असे काही मला कधी सापडले नव्हते. तेव्हापासून मी पाठमोरी माणसेच काढतो. भिंग एकच, लांबचे जवळ ओढून घ्यायचे नाही. अंतर सात पावले. माणूस कोपऱ्यावर वळला की त्याला सोडायचे, वळणापलीकडे जायचे नाही. कोणी हटकले तर दाखवायचे आणि नको म्हणाला तर त्याच्यासमोर पुसायचे. त्या हमालाने विचारले होते की माझे तोंड काय वाईट आहे. मी त्याचा तोंडाचाही काढून दिला, पण त्याने पाठीचाच नेला. “आयुष्यभर तोंडं बघून विटलात, आता जगाची पाठ धरलीत,” असे पत्नी म्हणते. फोटो मात्र ती रोज मागून घेऊन पाहते.

तर सदर इसम मला माहीत होते ते पाठीकडून. डावा खांदा उजव्यापेक्षा जरा खाली, उजवा हात पाठीमागे नेऊन डावे कोपर धरलेले, आणि नेहमी कुठल्या ना कुठल्या रांगेत शेवटी. तोंड मी कधी पाहिले नाही. पाहावेसे वाटले नाही, हा माझा दोष.

बुधवारी सकाळी साडेदहाला त्यांची मुलगी त्याच फोटोच्या चाळीस प्रती मागायला आली. ती चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. भिंतींवर लावण्यासाठी प्रती हव्या होत्या. मी काढून दिल्या. तिने कडा जुळवून त्या पाकिटात घातल्या, आभार मानले आणि दारात जाऊन आधी कोणत्या बाजूला जावे याचा विचार करत थांबली. तिची पाठ माझ्याकडे होती. तिने उजवा हात मागे नेला आणि डावे कोपर धरले.

मी ओरडलो, “थांब, वळू नकोस.” ती घाबरली. त्याबद्दल मी तिची तेव्हा माफी मागितली आहे, येथेही मागतो.

मी तिला आत नेले व फोटोंचा खोका काढला. पत्नीने चौदाही फोटो पलंगावर मांडले. मुलीने पहिल्याच फोटोवर बोट ठेवले व हे बाबाच, असे सांगितले. पत्नीने तिला पाणी दिले आणि मला म्हणाली, “काखेत कळसा न् गावाला वळसा.” ती हे चिडून म्हणाली नाही. चिडली असती तर बरे वाटले असते. मंगळवारीच मी तोंडाऐवजी माणूस ओळखला असता, तर या मुलीची एक रात्र वाचली असती. याची जबाबदारी माझी आहे. हे वाक्य लिहिण्याची आवश्यकता नाही असे हवालदारसाहेबांचे मत पडले. माझ्या आग्रहावरून लिहिले आहे.

प्रत्येक फोटोच्या मागे मी पेन्सिलीने जागा व वेळ लिहितो. पत्नीने ते मोठ्याने वाचले. दवाखान्याची केसपेपरची खिडकी, पाऊण. कचेरीतली अर्जांची खिडकी, पावणेतीन. बसपासची खिडकी, पावणेपाच. सगळे फोटो या तीन जागांचेच. “हे खिडकी बंद व्हायच्या वेळेलाच का जातात?” असे तिने विचारले. त्यावर मुलीने सांगितले की, वडील टपाल कार्यालयात असताना रांगेतला शेवटचा माणूस मोकळा झाल्याशिवाय खिडकी ओढत नसत. त्यापायी वरिष्ठांची बोलणी खाल्ली, घरची जेवणे निवली, पण रांगेतल्या माणसाला उद्या या असे त्यांनी कधी सांगितले नाही. ते काही मागायला रांगेत उभे राहत नव्हते, हे तेव्हा आम्हां तिघांनाही कळले.

पत्नी दुकानात थांबली. मी व मुलगी साडेबाराला दवाखान्यात पोहोचलो. ते तिथे नव्हते. पहारेकऱ्याने फोटोतली पाठ ओळखली. सोमवारी व मंगळवारी रात्री हे गृहस्थ बाकावर झोपले, आपण त्यांना कोणा पेशंटचे नातेवाईक समजलो, चादरही दिली, असे तो म्हणाला. मुलीचा जीव थोडा भांड्यात पडला. पावणेतीनला अर्जांच्या खिडकीवर आम्हाला ते सापडले नाहीत. तेथून बसपासच्या खिडकीकडे जाताना ती पहिल्यांदाच आपल्या मनातले बोलली. सात महिन्यांपासून वडील तिला अहो-जाहो करतात. शेजारची कोणी बाई जेवण करून जाते, असे त्यांना वाटते. रोज संध्याकाळी ते तिचे आभार मानतात. “शोधीन मी त्यांना, काका,” ती म्हणाली, “पण कोण शोधायला आलंय, ते त्यांना कुठं कळणार?” मी तिच्याबरोबर चालत राहिलो.

पाचला दहा मिनिटे असताना आम्ही पोहोचलो. रांगेत नऊ माणसे होती. नववी पाठ त्यांची होती. शर्ट मळला होता, पण नीट खोचलेला होता. मला वाटले, मुलगी धावेल. तिने दोन पावले टाकली व थांबली. हाक मारली तर ते दचकतील, असे म्हणाली. मग ती शांतपणे जाऊन त्यांच्या मागे रांगेत उभी राहिली. त्या वेळी सात पावलांवरून मी एक फोटो काढला. तो आधीच्या चौदांसह सोबत जोडत आहे. नंतर कॅमेरा बंद करून जवळ गेलो, म्हणून पुढील बोलणे मला ऐकू आले.

मागे कोणी आल्याचे जाणवताच ते न वळता बाजूला सरकले व म्हणाले, “पुढे व्हा, बाई. खिडकी बंद होत आली, तुमचं आधी होऊ दे.”

ती म्हणाली, “माझं काम झालंय. मी तुमच्यासाठी थांबलेय.”

रांग पुढे सरकत गेली. ते एकेक पाऊल पुढे जात, ती एकेक पाऊल त्यांच्या मागे. आठवा माणूस पास घेऊन गेला. आतल्या कारकुनाने यांना काय हवे ते विचारले, यांनी मानेनेच काही नको सांगितले. खिडकी बंद झाली. मग आणखी कोणी उरले आहे का, हे पाहण्यासाठी ते मागे वळले. मागे मुलगी होती. त्यांनी तिच्याकडे पाहिले. किती वेळ, ते सांगता येणार नाही. या जबाबातल्या बाकी सर्व वेळा मी घड्याळात पाहून दिल्या आहेत.

मग ते म्हणाले, “झालं सगळ्यांचं. चल आता.”

दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांना तपासले. प्रकृती ठीक आहे. मुलगी त्यांना घरी घेऊन गेली आहे. रात्री घरी ते तिला पुन्हा अहो म्हणाले की नाही, हे मी विचारलेले नाही, व ठाण्यानेही विचारू नये अशी माझी विनंती आहे.

हवालदारसाहेबांनी हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. मजकूर मी सांगितला तसाच आहे, एक जागा सोडून. शेवटी इसमाच्या तोंडी त्यांनी ‘चला आता’ असे लिहिले होते. मी हरकत घेतली. एका कान्याने काय बिघडते, असे ते म्हणाले. मी म्हटले, तिला जाऊन विचारा. मग त्यांनी तो काना खोडला, आणि खोडलेल्या जागेशेजारी मी सही केली आहे.