कोपऱ्यातली तारीख

काका : हा कॅमेरा नको ताई, हा फार स्वच्छ काढतो. तुम्हाला जुनं दिसायला हवंय ना? मग हा बघा. दोनदा उघडून जोडलाय मी, तरी धडधाकट आहे. चेहरा जरा लालसर येतो आणि खाली एक रेघ थरथरत राहते.

ताई : रेघ हवीच. आमच्या कॅसेटमध्ये होती.

काका : हल्ली कॉलेजची पोरं येतात, अशाच रेघा मागतात. निम्मं आयुष्य मी त्या घालवण्यात काढलं! आता तर मोबाईलवरही मिळतं म्हणे हे सगळं, फुकटात.

ताई : करून पाहिलं. आई म्हणाली, हा तो नव्हे.

काका : तो म्हणजे?

ताई : माझा धाकटा भाऊ. नऊ वर्षांचा असताना गेला. तळ्यात. त्याची एकच कॅसेट होती, आई रोज मागते. म्हणून माझ्या मुलाला उभा करणार आहे. अगदी मामाच्या वळणावर गेलाय. तसाच पिवळा शर्ट शिवून घेतलाय.

काका : अहो, पण आईला असं फसवायचं म्हणजे... कळलं तर?

ताई : आई सगळं विसरत चाललीये, काका. तो गेला, हेसुद्धा. कोपऱ्यात तारीख येते ना यात? मागची टाकता येईल?

काका : येईल की. सांगा.

ताई : सात मे. सव्वीस वर्षांपूर्वीची.

काका : ...ही घ्या, लावली. पण मी काय म्हणतो, हरवलेली कॅसेट एकदा नीट शोधा ना. माळ्यावर, ट्रंकेत. बुरशी चढली असली तरी मी पुसून चालू करून देतो.

ताई : हरवली नाही. मी फेकली.

काका : फेकली? का हो?

ताई : कॅमेरा माझ्या हातात होता. बारा वर्षांची होते. तो चित्रात मावत नव्हता, म्हणून मी म्हणाले, मागे सरक. अजून थोडा. ते कॅसेटवर आहे. आई वर्षानुवर्षं ती लावायची आणि बरोबर तिथे बंद करायची. मला मात्र एका शब्दाने बोलली नाही कधी. ती विसरायला लागली तेव्हा वाटलं, आता हेही जाईल. सुटू दोघी. म्हणून टाकून आले. तर बाकी सगळं गेलं, कॅसेट तेवढी डोक्यात राहिली तिच्या.

(काका बराच वेळ कॅमेऱ्याची काच पुसत राहतात.)

काका : मुलाला कुठे उभा करणार?

ताई : घरामागच्या मैदानात. पाठीशी भिंत आहे.

काका : बरं. माईक बंद करून देऊ का? नुसतं चित्र येईल. तुम्हाला बोलायला नको.

ताई : नको. तिला माझा आवाज ऐकायची सवय आहे. बोलेन मी.

काका : काय बोलाल?

ताई : पुढे ये म्हणेन.