माझ्या गीझरला हात लावायचा नाही

...नाही, मला सांगा, जुलै महिन्यात दुबईत गरम पाणी देतो म्हणणाऱ्या माणसाला काय म्हणायचं? आमच्या अल मनखूलच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांचे विजेचे गीझर काढून दुसऱ्या टाक्या बसवतायत, म्हणजे गच्चीवर एक बॉयलर आणि त्याच्या पाइपाने प्रत्येकाची टाकी तापणार, बारा महिने. आमचा वॉचमन मुश्ताक दारात उभा राहून सांगतो कसा, "भाभी, बढ़िया चीज़ है, चौबीस घंटा गरम पानी." अरे बाबा, ते आहेच की. गच्चीवरची पाण्याची टाकी उन्हात उकळते, थंडचा नळ सोडला तर हात भाजतो. मग आम्ही आंघोळ कशाने करतो? गीझरने. हसू नका, इथे सगळे हेच करतात. उन्हाळा लागला की गीझरचं बटण बंद करायचं, आतलं पाणी दिवसभर घराच्या एसीत निवत पडतं, आणि संध्याकाळी गरमचा नळ सोडायचा, की थंडगार... आता बॉयलर आला की बटण कोणाकडे? मालकाकडे. म्हणून म्हटलं, माझ्या गीझरला हात लावायचा नाही, खलास.

आमचा नवरा कॅस्मिर म्हणतो, "ओल्गा, कशाला पंगा घेतेस, लीज रिन्यू व्हायचीय." रॉयडन मोबाइलमधून मान वर न काढता, "मॉम, जस्ट लेट देम डू इट." जस्ट म्हणे. तुम्हाला सांगते, मी दिवसभर हॉटेलच्या लाँड्रीत वाफ खाते, बाहेर पडले की रस्त्याची वाफ, आणि घरी येऊन अंगावर थंड पाणी, एवढंच माझं सुख आहे या देशात, तेही यांना द्यायचं? का म्हणून?

मग आली माणसं पाने-बिने घेऊन. मी बाथरूममध्ये स्टूल टाकलं आणि बसले गीझरखाली मटार सोलत. मुश्ताक म्हणतो, "यल्ला भाभी, टाइम खोटी मत करो." म्हटलं, काढा, पण आधी मला उचला. एकमेकांची तोंडं बघितली त्यांनी. "इन्शाल्ला, कल आएगा." म्हटलं, कल नको नि परसों नको, माझ्या गीझरला हात लावायचा नाही.

जिंकले हो मी. अख्ख्या बिल्डिंगमध्ये एकटीचा गीझर राहिला. आणि तिथेच घोळ झाला...

चार दिवसांनी वरची एलिशा दारात, काखेत टॉवेल, कडेवर पोर. "आंटी, घामोळ्यांनी झोपत नाही हो हा, एकदाच." लेकराला नाही कोण म्हणणार? दुसऱ्या दिवशी एलिशा स्वतःच. मग समोरची मनाली, मग तिच्या सासूबाई मुक्ताबाई, त्या तर आत भजनं म्हणतात, बाहेरच येत नाहीत. परवा बघते तर सोफ्यावर नंबर लावून बसलेल्यांच्या शेवटी मुश्ताक, हातात साबणाची डबी. "भाभी, नीचे भी वही हाल है." मेल्या, तूच आलेलास ना काढायला?

आणि गीझर म्हणजे काय विहीर आहे? जेवढं थंड खाली जातं तेवढं गच्चीवरचं उकळतं आत येतं.

काल बिल्डिंगच्या मॅनेजरचा फोन, "मॅडम, अब तो निकाल दो." म्हटलं, जीव गेला तरी नाही. या बिल्डिंगमध्ये थंड पाण्याने आंघोळ होते ती फक्त माझ्या घरात. सगळ्यांची होते... माझी सोडून.